जुना पीसी भंगारात देण्याआधी

आमच्या घरात आणि दुकानात मिळून तीन जुने संगणक आहेत. दुकानातला लॅपटॉप, घरचा डेस्कटॉप आणि पुतणीच्या वाट्याला आलेला छोटा नेटबुक. २०२५ साली तिन्हींचा प्रश्न एकदमच उभा राहिला. १४ ऑक्टोबर २०२५ ला लॅपटॉपवरच्या विंडोज १० चा आधार संपत होता, आणि बाकीचे दोन तर त्याच्याही मागे राहिलेले. आम्ही काय केलं, पैसे कुठे लागले, कुठे वाचले आणि काय जमलंच नाही, ते क्रमाने सांगतो. आपल्याकडे कितीतरी घरांत असे पीसी कापडाखाली झाकून ठेवलेले असतात. त्यांच्या मालकांना उपयोग व्हावा, एवढंच.

आमचं गाव नागरा. गोंदियाहून बालाघाटकडे निघालं की लागतं. महादेवाच्या जुन्या मंदिरामुळे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे लोक ओळखतात. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे. सातबारा, आठ-अ, शिष्यवृत्तीचे फॉर्म, फार्मर आयडी, पीएम किसानची ई-केवायसी, पासपोर्ट फोटो. दिवाळीच्या आसपास हलका धान निघतो आणि विक्रीच्या नोंदणीसाठी कागदं काढायला रांग लागते. म्हणजे विंडोज १० ची मुदत नेमकी आमच्या गर्दीच्या तोंडावर संपणार होती.

आधी यंत्रं कोणती ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरलं. लॅपटॉप पाचव्या पिढीच्या आय३ चा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. डेस्कटॉप दादाने एमएस-सीआयटी करताना गोंदियात असेंबल करून घेतलेला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी४१ चा बोर्ड, २ जीबी रॅम, विंडोज ७. त्यावर आता बाबा बसतात. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, पण लोकांचे अर्ज टाइप करून देणं सुटलेलं नाही. नेटबुक सगळ्यात अशक्त. ॲटम एन२७० प्रोसेसर आणि १ जीबी रॅम.

लॅपटॉपचा त्रास रोजचा होता. सकाळी शटर उघडून तो चालू करायचा, झाडू मारायचा, अगरबत्ती लावायची, बाहेर फलक ठेवायचा, तेव्हा कुठे तो हाताला लागायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "भाऊ, सर्व्हर डाउन हाय का?" सर्व्हर पुष्कळदा खरंच डाउन असतो, त्यामुळे मी हो म्हणून मोकळा व्हायचो. पण टास्क मॅनेजर उघडला की डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसायचं. प्रोसेसर मात्र निवांत बसलेला.

डेस्कटॉपचं दुखणं वेगळं होतं. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० लाच रामराम केला. क्रोम ब्राउझरही त्यावर १०९ व्या आवृत्तीला थांबला, तो २०२३ च्या सुरुवातीला. त्यानंतर एकेक साइट कुरकुरायला लागली. कुठे बटणच दाबलं जाईना, कुठे पान अर्धंच उघडायचं. भरीस भर म्हणजे पीसी बंद करून चालू केला की तारीख कित्येक वर्षं मागे जायची आणि प्रत्येक साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणायची. बाबा वैतागले. "हे रोज काय नवीन होऊन राहिलं? फेकून दे हा डबा."

गोंदियात चौकशी केली. एका दुकानदाराने सरळ सांगितलं, नवा घ्या. दुसरा म्हणाला, दोन्हीवर विंडोज ११ टाकून देतो, कडक चालेल. विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. त्याच्या अटी अशा: इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा, बोर्डवर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, किमान ४ जीबी रॅम. आमचा लॅपटॉप पाचव्या पिढीचा. अटींना बगल देऊन ते चढवता येतं हे खरं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर टू ड्युओवर तर तोही मार्ग बंद झाला आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ नावाच्या सूचना असाव्या लागतात. त्या कोअर टू ड्युओत नाहीत, त्यामुळे ती सुरूच होत नाही.

आणखी एक पर्याय सगळीकडे मिळतो. "लाइट" विंडोज. कोणीतरी काटछाट करून, क्रॅक घालून पेन ड्राइव्हवर ठेवलेलं. हलकं असतं, फुकट असतं. मी नको म्हटलं. माझ्या दुकानात लोकांचे आधार, पासबुक, ओटीपी याच यंत्रातून जातात. त्या क्रॅकमध्ये काय दडलंय हे कोणी सांगू शकत नाही, आणि उद्या कोणाचे पैसे गेले तर दारात माझ्याच येणार.

पुतणी गोंदियाला बीएस्सी करते. ती म्हणाली, "काका, आधी कोणत्या कामाला काय लागतं ते लिहा. मग सिस्टिम ठरवा." वाया गेलेल्या एका फॉर्मच्या पाठीवर आम्ही यादी केली. एका बाजूला फक्त ब्राउझरवर होणारी कामं: सातबारा, दाखले, शिष्यवृत्ती, बिलं. दुसऱ्या बाजूला ज्यांना विंडोजच लागतं अशी: बोटाचा ठसा घेणारं यंत्र, कारण आमच्याकडच्या यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोज आणि अँड्रॉइडवरच चालतं. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन. आणि दादा कधीमधी टॅलीवर हिशेब करतो ते. तिसऱ्या बाजूला कुठेही होणारी: टायपिंग, पीडीएफ, फोटो, गाणी.

या यादीने निम्मा प्रश्न सोडवला. विंडोज लागणारी सगळी कामं एकट्या लॅपटॉपवरची निघाली. डेस्कटॉपला विंडोजची गरज उरलीच नव्हती. सवय होती, तेवढीच.

मग यंत्रं उघडली. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये धूळ आणि भुसा यांचा थर बसला होता. आमच्या भागात राइस मिलचा बारीक भुसा हवेतच असतो, तो पंख्यातून आत ओढला जातो. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या फटी पूर्ण बुजल्या होत्या. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा वेळी प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. रंगाच्या ब्रशने आणि हवेच्या पंपाने साफ केलं. पंखा बोटाने धरून ठेवायचा, हवेच्या झोताने गरगर फिरू द्यायचा नाही. जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावली.

तारीख मागे जाण्याचं कारणही तिथेच सापडलं. मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर२०३२ नावाचा. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. तो संपला की तारीख जुन्या सालात जाते. सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं तारखेवर चालतात, म्हणून ब्राउझर प्रत्येक साइटला खोटी ठरवतो. घड्याळाच्या दुकानात मिळणारा हा सेल बदलला आणि निम्म्या साइट उघडायला लागल्या. कोणी हाच दोष विंडोजवर टाकून फॉरमॅट करायला सांगत असेल तर आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा.

त्यानंतर डिस्कची तब्येत पाहिली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची स्थिती रंगात दाखवतं. डेस्कटॉपची डिस्क पिवळी आली. काही जागा खराब होऊन बाजूला टाकल्या होत्या. आमच्याकडे पावसाळ्यात वीज येते-जाते, आणि जुन्या यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती. पिवळा रंग दिसला की बाकी सगळं थांबवायचं आणि आधी डेटा बाहेर काढायचा. बाबांची पत्रं, घरचे फोटो, आईच्या आवाजातलं एक जुनं रेकॉर्डिंग. ते एका बाहेरच्या डिस्कवर घेतलं आणि दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण कॉपी होताना मध्येच ती डिस्क टक टक आवाज करायला लागली होती. सगळं आलं, पण ते नशीब.

पहिला खर्च लॅपटॉपवर केला. २५६ जीबीची साटा एसएसडी घेतली, दोन हजारांच्या आत. रॅम ४ ची ८ जीबी केली. जुनी डिस्क आहे तशी एसएसडीवर उतरवून घेतली, म्हणजे क्लोन केली, त्यामुळे टोकनचं, ठशाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागलं नाही. जुन्या डिस्कवरचा माल नव्या डिस्कच्या मापात बसला पाहिजे, म्हणून आधी फालतू फाइली काढल्या.

फरक एवढा पडला की लगेच बंद करून पुन्हा चालू करून पाहिलं. झाडू हातात घ्यायच्या आत तो तयार. यातलं गणित सोपं आहे. रॅम म्हणजे खळं आणि डिस्क म्हणजे कोठार. खळ्यावर मावलं नाही की पोती पुन्हा पुन्हा कोठारात न्यावी-आणावी लागतात. फिरत्या डिस्कचं कोठार लांब असतं, एसएसडीचं खळ्याला लागून. विंडोज १० चालू झाल्याबरोबर मागे शंभर कामं काढतं आणि त्यासाठी डिस्कवर इथून तिथून बारीकसारीक वाचत राहतं. फिरत्या डिस्कची सुई तिथेच दमते.

मग विंडोजची सफाई केली. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये जाऊन आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद केले. प्रिंटरसोबत आलेली निरुपयोगी सॉफ्टवेअरं काढली. दोन अँटिव्हायरस एकमेकांवर चालत होते. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर ठेवला, दुसरा काढला. इंटरनेटवर रजिस्ट्री साफ करणारी, रॅम मोकळी करणारी सॉफ्टवेअरं सुचवली जातात. त्यांनी डोळ्यांना दिसेल असा फरक पडला नाही, उलट त्यांच्याच जाहिराती यायला लागल्या. ती काढून टाकली.

राहिला मुदतीचा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापराच्या विंडोज १० ला आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट देण्याची सोय केली आहे. तिचं नाव ईएसयू. ३० डॉलर भरून ती घेता येते, पण मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती मात्र हवी. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते. आमच्याकडे ती लगेच दिसली नाही. राहिलेले सगळे अपडेट घेतल्यावर आली. नवीन काही मिळत नाही, फक्त भोकं बुजवली जातात. दुकानासाठी तेवढं पुरे.

आता डेस्कटॉप. इथे विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं ठरलं. पण लिनक्स एक नाही, शेकडो आहेत. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्स २००७ पासून आहे आणि भारतीय भाषांसाठीच बनवलेलं आहे. उबुंटू आहे, डेबियन आहे, लुबुंटू आहे. मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घेतली. कारणं दोन. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला ती ओळखीची वाटते: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. आणि अडलं तर उत्तर शोधायला सोपं, कारण ती वापरणारे खूप आहेत. मिंटची २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. किमान २ जीबी रॅम चालते, पण ते स्वतःच ४ जीबीची शिफारस करतात.

बाबांना पटत नव्हतं. फुकट आहे म्हणजे तकलादू असणार, असं त्यांचं म्हणणं. केरळच्या सरकारी शाळांत पोरं कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच शिकतात, हे सांगितल्यावर मास्तर थोडे नरमले. तरी अट घातली, "माझं टायपिंग बिघडलं तर परत पहिल्यासारखं करून द्यायचं."

रॅमची गोष्ट नीट सांगतो, कारण इथे पैसे वाया जाऊ शकतात. ४ जीबीची एक डीडीआर३ रॅम आणली. लावली तर पडदा काळा आणि आतून नुसते बीप. रॅम खराब नव्हती, दुसऱ्या पीसीत चालली. जी४१ चा बोर्ड जुन्या घडणीचीच रॅम ओळखतो. ज्या ४ जीबीच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असतात ती चालते. ८ मोठ्या चिपवाली नवी पट्टी त्याला कळतच नाही. दुकानदाराने ती परत घेतली, हे बरं झालं. शेवटी नागपूरला सीताबर्डीत जुन्या २-२ जीबीच्या दोन पट्ट्या मिळाल्या. रॅम घेताना बोर्डाचं नाव सांगा आणि चालली नाही तर परत घेण्याची बोली आधीच करा.

एसएसडी इथेही घातली. जुन्या बोर्डावर साटाचा वेग नव्यापेक्षा निम्माच असतो, तरी फिरत्या डिस्कच्या पुढे तो पुष्कळ. पिवळी डिस्क काढून ठेवली. ती कामाला वापरायची नाही.

मिंटची आयएसओ फाइल जवळपास ३ जीबीची. फक्त त्यांच्या अधिकृत साइटवरून घ्यायची आणि चेकसम जुळवायचा. हा उगाच सोवळेपणा नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचीच साइट फोडून कोणीतरी तिथल्या लिंकमागे बिघडवलेली फाइल लावली होती. चेकसम म्हणजे फाइलवरून काढलेला एक लांबलचक आकडा. साइटवरचा आणि आपला सारखा आला तर फाइल खरी. रुफस नावाच्या ज्या प्रोग्रामने आपण पेन ड्राइव्ह तयार करतो त्यातच हा आकडा काढायचं बटण आहे.

पेन ड्राइव्ह लावून पीसी चालू केला आणि बूट मेनूतून तो निवडला. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालू होतं, डिस्कला हात न लावता. ही सोय फार कामाची. इन्स्टॉल करण्याआधीच आवाज, नेट, प्रिंटर, पडद्याचं रिझोल्यूशन सगळं तपासून घेतलं. पेन ड्राइव्हवरून चालताना ते संथ असतं, त्यावरून मत बनवू नका.

इन्स्टॉल करताना एका पानावर "डिस्क पुसून मिंट टाका" असा पर्याय येतो. डिस्क नवी कोरी होती, डेटा दोन ठिकाणी ठेवला होता, तरी माझा हात तिथे थांबला. पुतणीने मागून विचारलं, "काका, काहून थांबले?" मग दाबलं. बाकीचं काम चहा होईपर्यंत आटोपलं.

खरं काम त्यानंतरचं. बाबांची जुनी पत्रं कृतिदेव फॉन्टमधली. उघडली तर सगळीकडे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. बाबांचा चेहरा उतरला. कारण साधं होतं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट नाही तर मराठी नाही. जुन्या डिस्कच्या कॉपीतून फॉन्टची फाइल घेतली, तिच्यावर डबल क्लिक करून इन्स्टॉल केली, लिबरऑफिस बंद करून उघडलं. पत्रं जशीच्या तशी दिसली.

नवं लिखाण मात्र युनिकोडमध्ये करायचं ठरलं, कारण कृतिदेवमधला मजकूर व्हॉट्सॲपवर किंवा सरकारी फॉर्ममध्ये चिकटवला की पुन्हा कचराच होतो. मिंटच्या सेटिंग्जमध्ये इनपुट मेथड म्हणून भाग आहे. तिथून आयबस टाकलं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट मिळतो, उच्चारावरून लिहायचा फोनेटिक मिळतो. बाबांच्या बोटांना टाइपरायटरची सवय, तर हिंदीच्या यादीतला रेमिंग्टन लेआउट जोडून दिला. देवनागरी तीच, त्यामुळे मराठीचं काम भागतं. "ळ" कुठे, "ऱ्या" कसा काढायचा, हे त्यांनी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं. सुरुवातीचे दिवस कुरकुर चालली. मग कागद तिथेच राहिला आणि त्याच्याकडे बघणं बंद झालं.

प्रिंटरचं ज्याच्या त्याच्या नशिबावर. घरचा एचपी लेझरजेट १०२० लागलीच ओळखला गेला, पण छापेना. एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर एचपीलिप मिंटमध्ये असतं, त्याला एक जादा प्लगइन इंटरनेटवरून घ्यावा लागतो. तो घेतल्यावर कागद सरकला. दुकानातला दुसऱ्या कंपनीचा लेझर प्रिंटर मात्र मिंटवर चाललाच नाही. त्याचा ड्रायव्हर जुना, नव्या लिनक्सवर बसेना. तो लॅपटॉपलाच जोडलेला ठेवला. म्हणून सांगतो, लिनक्सवर जायच्या आधी प्रिंटरचं मॉडेल शोधून घ्या. अर्ध्या लोकांचं घोडं तिथेच अडतं.

मिंट हलकं करायला फार काही लागलं नाही. ब्लूटूथ नाही तर त्याचा प्रोग्राम स्टार्टअपमधून काढला. झेडरॅम सुरू केलं. त्यात रॅममधलाच मजकूर दाबून लहान जागेत ठेवतात, त्यामुळे ४ जीबी थोडी जास्त पुरते. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाकलं. जाहिराती गेल्या की पानाचं वजन पुष्कळ कमी होतं. जुन्या यंत्राला आज खरं जड होतं ते ब्राउझर, सिस्टिम नव्हे. बाबांना एकच शिस्त सांगितली: टॅब चार-पाचच्या वर नको. कीर्तनाचे व्हिडिओ ४८० वर ठेवले. त्यावर गेलं की चित्र अडखळतं, कारण आजच्या यूट्यूबचे व्हिडिओ उलगडायची सोय त्या जुन्या ग्राफिक्समध्ये नाही.

नेटबुकवर आम्ही वेळ घातला, पैसे नाही. त्याचा प्रोसेसर निव्वळ ३२ बिटचा. त्यासाठी सिस्टिम मिळणं दिवसेंदिवस कठीण होत चाललं आहे. उबुंटूने ३२ बिट केव्हाच सोडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२ बिटच्या पीसीवर टाकायची सोय उरली नाही. क्रोम ३२ बिट लिनक्सवर २०१६ पासून नाही आणि फायरफॉक्सनेही आता तो रस्ता बंद केला आहे, जुनी १४० ची दीर्घ मुदतीची आवृत्ती तेवढी काही काळ चालेल. शेवटी डेबियन १२ वर आधारलेलं अँटिएक्स त्याच्यावर बसलं. नुसतं सुरू असताना ते दोनशे एमबीच्या आसपास रॅम खातं. पीडीएफ उघडतात, टायपिंग होतं, गाणी वाजतात. ब्राउझरमध्ये एखादी साधी साइट उघडते, बँकेची साइट उघडायला लागलं की ते धापा टाकतं. पुतणी त्यावर नोट्स वाचते. त्याची बॅटरी गेलेली आहे आणि नवी घेणार नाही. तो बंद पडेल तेव्हा गोंदियातल्या ई-कचरा घेणाऱ्याकडे जाईल, रद्दीवाल्याकडे नाही.

जमलं नाही ते स्पष्ट सांगतो. ठशाचं यंत्र मिंटवर चाललं नाही. डिजिटल सहीचा टोकन चालवता येतो म्हणतात, पण आमच्या एका पोर्टलवर तो शेवटपर्यंत दिसला नाही. टॅली विंडोजसाठीच आहे. वाइन नावाच्या सॉफ्टवेअरने विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवता येतात, पण हिशेबाचा भरवसा त्याच्यावर टाकायला दादा तयार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. ज्यांचं पोट अशा कामांवर आहे त्यांनी एक तरी विंडोज ठेवावं.

खर्चाचं म्हणाल तर तिन्ही यंत्रांना मिळून दोन एसएसडी, रॅम, सेल, पेस्ट आणि नागपूरचं भाडं एवढाच. नव्या साध्या लॅपटॉपच्या किमतीचा पाव भागही नाही. पण याला वेळ लागतो, आणि घरात कोणीतरी खटपट करणारं हवं. रोजची कमाई यंत्रावर अवलंबून असेल तर गर्दीच्या महिन्यात हा उद्योग काढू नका. आम्ही पावसाळ्यात रोवणी आटोपल्यावर केला, तेव्हा दुकानात शांतता असते.

कोणी विचारलं तर मी आता हाच क्रम सांगतो. आधी कामांची यादी. मग डेटाच्या दोन प्रती. मग सफाई आणि सेल. मग डिस्कची तब्येत आणि एसएसडी. मग रॅम. सिस्टिम कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा. फिरती डिस्क तशीच ठेवून नुसती सिस्टिम बदलणाऱ्यांची सगळ्यात जास्त निराशा होते. यंत्र ६४ बिटचं असेल आणि ४ जीबीपर्यंत रॅम जात असेल तर खर्च करा. ३२ बिटचं असेल तर एक रुपयाही घालू नका.

आमचा लॅपटॉप १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत असाच चालेल. त्यानंतर त्यावरही मिंट टाकायचा विचार आहे. ठशाचं यंत्र तेव्हा मोबाइलला ओटीजी केबलने जोडू, ते आत्ताच जोडून पाहिलं आहे आणि चालतं. दादाच्या टॅलीसाठी नागपूरहून एखादा वापरलेला ऑफिसचा डेस्कटॉप घेऊ. असे पीसी बाजारात बरेच येतात आणि "आय५ आहे" एवढंच सांगून विकले जातात. आय५ तर पहिल्या पिढीचाही असतो. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारा, आठव्या पिढीच्या खालचा असेल तर विंडोज ११ साठी घेऊ नका, आणि पैसे देण्याआधी तिथेच चालू करून टीपीएम दिसतो का ते बघा.